पायवाटेवरची खडी

रोपवालीच्या विहिरीने तळ दाखवला, हे गवंडिणीला कळलं तेव्हा ती अंगणात चुना चाळत बसली होती. बातमी आणली ती रोपवालीच्या सासऱ्यानेच. म्हातारा दोन रिकाम्या बादल्या घेऊन खालच्या अंगाच्या विहिरीवर निघाला होता. दाराशी थांबून त्याने बादल्या टेकवल्या, बाहीने मान पुसली आणि म्हणाला, "मिस्त्रीणबाई, तुमच्या मालकांनी विहीर बांधली एकदम देखणी. आता तिच्यात पाणी तेवढं नाही."

"अहो बाबा, यंदा पाऊसच कुठं धड झाला?"

"ते खरंच आहे म्हणा. पण खालच्या दोन्ही विहिरींना कमरेइतकं पाणी आहे. आमचीच तेवढी रुसली."

म्हाताऱ्याच्या बोलण्यात खोच नव्हती. तो बादल्या उचलून चालू लागला. गवंडिणीच्या हातातली चाळण मात्र थांबली ती थांबलीच.

गवंडिणीचं काही थांबणं ही त्या वस्तीत साधी गोष्ट नव्हती. तिच्या तोंडाचा पट्टा सूर्याबरोबर सुरू व्हायचा. नवरा-बायको दोघंही येशूला मानणारी. दर रविवारी तासभर चालून चर्चला जायची. सात वर्षांपूर्वी पाळकांनी उपदेशात सांगितलं होतं की, सुवार्ता ही फडताळात ठेवायची वस्तू नाही, ज्याला मिळाली त्याने ती दुसऱ्याला द्यावी. बाकीच्यांनी ते ऐकलं आणि घरी जाऊन जेवले. गवंडिणीने मनावर घेतलं. पिठाच्या गिरणीवाल्याला तिने गिरणी चालू असताना ओरडून सांगितलं. दात काढणाऱ्यालासुद्धा, त्याचे दोन्ही हात तिच्या तोंडात असताना, सांगायचा प्रयत्न केला. लोक तिला लांबून पाहिलं की वाट बदलायचे. सात वर्षांत तिच्या सांगण्यावरून एकच माणूस चर्चच्या दारापर्यंत आला होता, आणि तोही पाळकांना जुनी सायकल विकायला.

याला अपवाद एक रोपवाली. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. सासऱ्याला घेऊन ती एकटी टोमॅटो, कोबी, मिरचीची रोपं वाढवून विकायची. ती वाट बदलत नसे. वाफ्यांत वाकून काम करता करता ऐकायची, मधूनच एखादा नेमका प्रश्न विचारायची. आणि मागच्या आठवड्यात ती आपणहून म्हणाली होती, "वहिनी, या रविवारी मी येईन तुमच्याबरोबर. बघू तरी." त्या आनंदात गवंडिणीने त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि गवंड्याने ती मुकाट खाल्ली.

तिने चुन्याचे हात धुतले आणि ती रोपवालीच्या मळ्याकडे निघाली.

फाटकापासून विहिरीपर्यंत पंधरा-वीस पावलांची पायवाट होती. तिच्यावर खडी पसरलेली होती, बोराएवढी, एकसारखी. पाय पडला की ती करकरायची. गवंडीण वर्षभर या वाटेने येत-जात होती, आणि प्रत्येक वेळी तोंडाने काहीतरी बोलत ती चालायची, म्हणजे ती करकर ऐकू येऊ नये. आज ती गप्प होती. आज तिला ती पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत ऐकू आली.

रोपवाली वाफ्याशी बसून सुकलेली रोपं उपटत होती. निम्मा वाफा माना टाकून पडला होता.

"आठ दिवस," ती मान वर न करता म्हणाली. "बादल्यांनी आठ दिवस जगवेन. पुढं नाही. भावाला निरोप धाडलाय. त्याच्या गावात सुताच्या कारखान्यात बायका घेतात म्हणे."

"आणि बाबा?"

"मामंजींना थोरल्या दिरांकडे जावं लागेल. ते ठेवून घेतील. आनंदानं नाही, पण ठेवतील." तिने उपटलेल्या रोपांची जुडी बाजूला टाकली. "जाऊ दे. नशिबापुढं कुणाचं काय चालतं? रविवारी मात्र येते मी. जायच्या आधी एकदा चर्चमधलं तुमचं ते गाणं ऐकून जाते."

गवंडीण कठड्यावर वाकली. आत घोटाभर गढूळ पाणी होतं आणि त्यात एक बेडूक. डोंगराकडच्या कोपऱ्यातले खालचे दगड कोरडेठाक होते. सगळ्यांत ओले असायला हवे होते ते तेच दगड.

झालं होतं ते असं. मागच्या वर्षी विहिरीच्या कडा ढासळत होत्या, म्हणून ती आतून दगडाने बांधून काढायचं काम गवंड्याने घेतलं होतं. गवंडी दगड बसवी, गवंडीण फळीवर बसून दगडांच्या मागची पोकळी भरी, आणि वर उभी राहून रोपवाली दोराने टोपली सोडी. यात एकच मेख होती. वरच्या थरांच्या मागे मळलेली माती ठासायची, म्हणजे वरचं घाण पाणी आत झिरपत नाही. खालच्या थरांच्या मागे मात्र निव्वळ खडी भरायची, म्हणजे झऱ्याचं पाणी फटींतून आत येतं. त्या दुपारी गवंडी वर दगड घडवायला गेला होता. गवंडिणीने वेळ साधून गोष्ट सुरू केली होती: भर उन्हात विहिरीच्या काठावर दमून बसलेल्या प्रभूची, आणि चार बायकांना चुकवून एकटीच पाणी भरायला आलेल्या बाईची. रोपवाली कठड्यावर रेलून ऐकत होती. तेवढ्यात तिने विचारलं, "पण ती बाई एकटी का आली?" सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी प्रश्न विचारला होता. गवंडिणीला आभाळ ठेंगणं झालं. ती सांगत गेली, "टोपलं सोड" म्हणत गेली, वरून टोपलं येत गेलं, आणि तिने झऱ्याच्या तोंडाशी चार टोपली मळलेली माती ठासून भरली.

संध्याकाळी वर आल्यावर तिला खडीचा ढीग दिसला. चार टोपली उरली होती. तिला तेव्हाच कळलं. पण त्यावर तीन थर चढले होते, ते उकलायचे म्हणजे दोन दिवस पाण्यात. शिवाय इतक्या चांगल्या दिवसाला गालबोट कशाला लावायचं, असं तिला वाटलं. नवरा अवजारं धुवायला गेला तेवढ्यात तिने ती खडी पायवाटेवर पसरून टाकली. रोपवालीने विचारलं तर म्हणाली, "चिखल होतो गं तुझ्या वाटेवर." रोपवालीने तिचा हात हातात घेऊन आभार मानले होते. पुढे पावसाळ्यात जेवढा पाऊस पडला तेवढ्याने विहिरीत पाणी राहिलं आणि गवंडिणीने तो विषय, अर्ध्या राहिलेल्या गोष्टीसकट, मनातल्या मनात पुरून टाकला होता.

घरी आली तेव्हा गवंडी ओट्यावर छिन्न्यांना धार लावत होता. टेकडीवरच्या वस्तीची मोठी विहीर बांधायचं काम त्याला मिळालं होतं, सोमवारी सुरुवात. पन्नास हात खोल, सहा महिन्यांचं काम. असं काम गवंड्याला जन्मात एकदा मिळतं.

ती शेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं. कधी नव्हे ते थोडक्यात सांगितलं. गवंडी छिन्नी दगडावर ओढत राहिला. सांगून संपल्यावरही त्याने दहा-बारा वेळा ओढली.

"तरीच," तो म्हणाला. "मी म्हणत होतो, त्या खेपेला खडी पुरून वाटेवर टाकायलाही उरली कशी. कधी पुरत नाही. मी आपला माझ्या अंदाजावर खूश होतो."

"बोला ना काहीतरी मला."

"काय बोलू? भरल्यावर हात घालून बघायचं माझं काम होतं. बघितलं नाही." त्याने अंगठ्याने धार तपासली. "लोक गवंड्याला काय काय म्हणतात. वाकडा म्हणतात, सुस्त म्हणतात. ते धुऊन निघतं. झरा बुजवणारा म्हटलं की नाही निघत."

"म्हणूनच म्हणते, रविवार जाऊ द्या. ती पहिल्यांदा येतेय हो. सात वर्षांत एक माणूस. हे ऐकलं तर कशाला येईल? एकदा तिथं बसू दे, ऐकू दे. मग सोमवारी सांगते."

गवंड्याने छिन्नी खाली ठेवली. "सोमवारी का? बाप्तिस्मा होईपर्यंत थांब ना. तोवर रोपंही वाळतील, ती भावाकडे जाईल आणि सांगायचं कामच उरणार नाही."

गवंडिणीला राग आला. मग तो उतरला. उरली ती लाज, आणि ती काही केल्या उतरेना. तिला वर्षभरातला एकेक दिवस आठवला. त्या वाफ्यांत बसून आपण प्रेमावर बोललो, क्षमेवर बोललो, खऱ्यावर तर पुष्कळच बोललो. आणि उठताना त्याच खडीवरून चालत घरी आलो.

"उद्या सकाळी जाते," ती म्हणाली.

"मी टेकडीवर जाऊन येतो," गवंडी म्हणाला. "दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे."

सकाळी रोपवाली सासऱ्याने आणलेलं पाणी वाटीवाटीने रोपांना घालत होती. गवंडीण तिच्यासमोर उभी राहिली. येताना वाटेत तिने बऱ्याच सुरुवाती ठरवल्या होत्या. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"तुझी विहीर पावसानं आटली नाही. मी आटवली," ती म्हणाली आणि मग न थांबता सगळं सांगून टाकलं: माती, चार टोपली, पसरलेली खडी.

रोपवालीने वाटी बादलीत बुडवली होती ती तशीच राहिली. 

"माती मीच सोडत होते वरून," अखेर ती म्हणाली. "तेव्हा माझंही लक्ष नव्हतं. ते सोड. पण खडी तू पसरलीस. मी हात धरून तुझे आभार मानले, तेव्हा तुला ठाऊक होतं."

"होतं."

"मी भावाला निरोप धाडला. मामंजी दोन दिवस झाले, नीट जेवले नाहीत. थोरल्यांच्या घरी कुठं झोपायचं याचा विचार करतात. आणि तू काल इथं उभी राहून 'आणि बाबा?' म्हणून विचारलंस."

 रोपवाली उठून घरात गेली आणि गवंडिणीने दिलेलं चर्चचं छोटं पुस्तक घेऊन आली. त्याला तिने रोपांच्या बियांच्या पाकिटाचा कागद कापून नीट कव्हर घातलेलं होतं. ते तिने गवंडिणीच्या हातात ठेवलं.

"हे घेऊन जा. आणि मिस्त्रींना पाठव. विहीर उघडायची आहे."

गवंडी टेकडीवरून परत आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिकडे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. खांद्यावर पहार आणि दोन लाकडी टेकू घेतले आणि निघाला.

दोन दिवस काम चाललं. आधी वरच्या थरांना टेकू द्यायचे, मग खालचा एकेक दगड हलवायचा. घाई केली तर अख्खी भिंत अंगावर यायची. गवंडी पहारीने दगड सैल करी, दोघं मिळून तो बाहेर ओढत, दोराला बांधत, आणि वर रोपवाली व म्हातारा रहाट फिरवून तो ओढून घेत. रोपवाली बोलायची ती गवंड्याशी. "मिस्त्री, दोर सोडू का?" "मिस्त्री, पाणी पिता का?" पाण्याचा तांब्या खाली यायचा तो त्याच्या नावाने. तो अर्धा पिऊन बायकोला द्यायचा. वरून सगळं दिसत होतं.

गवंडीण दोन दिवस देवाचं नाव घेऊन एक शब्द बोलली नाही. मनात पुष्कळ घेतलं. घोट्यापर्यंतच्या चिखलात उभं राहून पाठ मोडून जात होती, हाताची सालटी निघाली होती, आणि दर दगडामागे ती मनात एवढंच म्हणत होती की, प्रभू, माझं राहू दे, हिचं पाणी तेवढं येऊ दे. म्हाताऱ्याला मात्र चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कठड्यावरून वाकून विचारलं, "मिस्त्री, तुमचा रेडिओ बिघडला काय?"

"बॅटरी उतरली," गवंडी खालून म्हणाला. वर रोपवाली तोंड फिरवून उभी होती, त्यामुळे ती हसली की नाही ते कळलं नाही.

त्याच वेळी टेकडीवरून निरोप आला. तिथल्या लोकांनी दुसऱ्या गवंड्याला बोलावलं होतं. गवंड्याने निरोप ऐकला, पहार पुन्हा फटीत घातली आणि म्हणाला, "बरं झालं. तिथं दगड फार लांबून आणावा लागला असता." गवंडिणीने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा चिखलाने माखलेला होता आणि तो पुसत नव्हता.

दुपारी चौथा दगड निघाला आणि मागची माती उघडी पडली. वर्षभरात ती विटेसारखी झाली होती. गवंडिणीने नवऱ्याला बाजूला सारलं. छिन्नीने उकरलं, मग बोटांनी. वीतभर आत माती मऊ लागली. मग थंड. मग तिने मूठभर लगदा ओढला आणि त्याच्यामागून करंगळीएवढी धार तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहत आली. तिने अजून ओढलं. धार अंगठ्याएवढी झाली.

"आलं," ती म्हणाली. गवंड्याने वर पाहून ओरडून सांगितलं, "आलं पाणी."

वर म्हाताऱ्याने रिकाम्या बादल्या कठड्यालगत आणून ठेवल्या.

"आता खडी लागेल," गवंडी म्हणाला. "चार टोपली. खाणीवरून आणायची म्हणजे उद्या संध्याकाळ. तोवर हे उघडं ठेवता येणार नाही, बसेल सगळं."

"खडी आहे," गवंडीण म्हणाली आणि दोर धरून वर चढली.

ती फाटकाजवळ गेली, पायवाटेवर बसली आणि दोन्ही हातांनी खडी टोपलीत भरू लागली. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून पाहू लागले. गिरणीवाला सायकल टेकवून उभा राहिला आणि त्याने विचारलं, "काय हो मिस्त्रीणबाई, वाट का खरवडताय?"

"ही खडी विहिरीत जायची होती. मी लबाडीनं इथं टाकली. आता जिथली तिथं नेतेय," ती म्हणाली आणि खडी भरत राहिली. गिरणीवाल्याने तिचं पुष्कळ ऐकलं होतं, पण असं काही ऐकलं नव्हतं. तो पुढे काही न विचारता सायकल घेऊन हळूहळू गेला.

खडीत वर्षभराची माती मिसळली होती. अशी भरली तर पुन्हा तेच. गवंडीण एकेक मूठ झटकत होती. एका टोपलीला अर्धा तास लागला असता. तेवढ्यात तिच्यासमोर चाळण आदळली, रोपांची माती चाळायची मोठी लाकडी चौकटीची. चाळणीची दुसरी बाजू धरून रोपवाली बसली होती.

"टाक," ती म्हणाली.

दोघींनी चाळण हलवायला सुरुवात केली. माती खाली पडत होती, खडी वर राहत होती. दोन टोपल्या भरल्या.

"कुणाला ठाऊक होतं का हे?" रोपवालीने विचारलं. "मिस्त्रींना?"

"नाही. मी सांगेपर्यंत कुणालाच नाही."

"मग मी भावाकडे गेले असते आणि तुझं पितळ कधी उघडं पडलं नसतं. टेकडीवरचं काम मिळालं असतं. रविवारी मी तुझ्या शेजारी बसलेही असते."

"हो."

"मग सांगितलंस का?"

सात वर्षं गवंडीण अशा प्रश्नाची वाट पाहत होती. त्याची दहा उत्तरं तिला तोंडपाठ होती. त्यातलं एकही या वेळी कामाचं वाटेना.

"प्रभूनं सांगू नकोस असं म्हटलं असतं तर नसतं सांगितलं," ती म्हणाली. "गप्प राहू का, म्हणून मी रात्रभर विचारत होते. तो काही हो म्हणेना."

रोपवालीने मान हलवली. चार टोपल्या भरल्या. त्या तिने स्वतः रहाटापर्यंत नेल्या आणि एकेक करून खाली सोडल्या, आणि प्रत्येक वेळी सोडण्याआधी वरून म्हणाली, "खडी." खालून गवंडीण हात घालून बघायची आणि म्हणायची, "खडी." चौथ्या टोपलीनंतर गवंड्याने दगड परत बसवले, चुन्याशिवाय. ऊन कलेपर्यंत विहिरीत गुडघाभर पाणी झालं. गढूळ होतं, पण चढत होतं. म्हाताऱ्याने पहिल्या दोन बादल्या ओढल्या आणि कुणाला हात लावू न देता एकट्याने वाफ्यापर्यंत नेल्या.

गवंडी अवजारं धुवायला लागला. गवंडीण उरलेलं सामान गोळा करत होती: दोर, टेकू, रिकाम्या टोपल्या, चिखलाने भरलेलं घमेलं. घमेलं तिने कमरेवर घेतलं आणि ती फाटकाकडे निघाली. पायवाट आता मऊ मातीची झाली होती. पावलं वाजत नव्हती.

"वहिनी."

ती वळली. रोपवाली कठड्यावर बसली होती. पदराला हात पुसून तिने तो पुढे केला.

"माझं पुस्तक?"

गवंडिणीने ते दोन दिवस पोलक्यात जपून ठेवलं होतं. बियांच्या कागदाचं कव्हर घामाने ओलं झालं होतं. तिने ते दिलं. रोपवालीने कव्हर सारखं केलं आणि मांडीवर ठेवलं.

"त्या दिवशी तुझी गोष्ट अर्धीच राहिली. पाणी भरायला एकटी आलेली ती बाई. तिचं पुढं काय झालं?"

गवंडिणीचा चेहरा उजळला. तिथंच फाटकाशी उभ्या उभ्या तिने तोंड उघडलं.

"थांब," रोपवाली म्हणाली आणि कठड्यावर सरकून तिने शेजारी जागा केली. "आधी ते घमेलं खाली ठेव."